हरल्यावर कुणाला धरायचं?

जुन्या जालन्यात काहीही बिघडलं की आधी ते कुंडलिका नदीच्या पलीकडे ढकलता येतं का, ते पाहतात. रस्ता खचला, तो नवीन जालन्याच्या ट्रकांनी. पोरगा वाया गेला, त्याचे मित्र नवीन जालन्यात होते. पाऊस लांबला तरी ढग नदी ओलांडायच्या आत तिकडेच रिकामे होतात, असं शपथेवर सांगणारी माणसं गांधीचमनच्या आसपास राहतात. नवीन जालन्यातले लोक आमच्याबद्दल काय बोलतात ते मी लिहीत नाही. त्यांची बाजू मांडायला त्यांचे लेखक आहेत. (कसे आहेत, हा वेगळा विषय.)

खेळातल्या पराभवाला मात्र हा कायदा नीट लागू होत नाही, हे मागच्या हंगामात कळलं. इथल्या एका महाविद्यालयाचा क्रिकेट संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच सामन्यात गारद झाला. कॅप्टन नवीन जालन्याचा, क्रीडा संचालक जुन्या जालन्यात भाड्यानं राहणारे. नदीच्या हिशेबानं कॅप्टन दोषी ठरून प्रकरण एका चहात मिटायला हवं होतं. पण चौकशीत निघालं की कॅप्टनचं आजोळ आमच्या कचेरी रोडला आहे आणि सरांनी नुकताच प्लॉट घेतलाय तो पलीकडे. झालं! दोघंही निम्मे आपले, निम्मे परके. प्रकरण गुणवत्तेवर चालवायची पाळी आली, आणि तशी सवय आमच्याकडे कुणालाच नाही.

सुनावणी झाली ती स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात. तिथं 'राजकारणावर चर्चा करू नये' अशी पाटी आहे, त्यामुळे लोक नाइलाजानं क्रिकेटवर बोलतात. बाकड्यांवर नेहमीची मंडळी होती: जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, जिल्हा न्यायालयात केस पांढरे झालेले वकीलसाहेब, बियाण्यांचं दुकान असलेले शेठ आणि तहसीलमधून निवृत्त झालेले अव्वल कारकून, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. गल्ल्यावर चाचा. मी कोपऱ्यात.

आरोपींची थोडी माहिती देतो.

क्रीडा संचालक हे पद ऐकायला भारदस्त आहे. पंधरा ऑगस्टचं संचलन त्यांच्याकडे, एकवीस जूनच्या योग दिनाच्या सतरंज्या त्यांच्याकडे, वृक्षारोपणाचे खड्डे त्यांच्याकडे, नॅकच्या समितीला दाखवायच्या फायली त्यांच्याकडे. स्नेहसंमेलनात शिट्ट्या मारणाऱ्या पोरांच्या रांगेमागे उभं राहायचं कामही त्यांचंच, कारण अंगकाठी. यातून जो वेळ उरतो त्यात ते कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट, कुस्ती आणि बुद्धिबळ असे पाच संघ तयार करतात. त्यांचा स्वतःचा खेळ खो-खो. बुद्धिबळाच्या संघालासुद्धा ते दारातून "पळ, पळ" असं ओरडतात, अशी जुनी तक्रार आहे.

कॅप्टनची निवड त्यांनी केली, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात किटबॅग ज्याच्या घरी राहते तो कॅप्टन. ही बॅग कॉलेजात ठेवली तर ग्लोव्हज जातात, म्हणून ती ज्याच्या घरी मोकळी खोली आणि बुडाखाली मोटारसायकल आहे त्याच्याकडे जाते, आणि बॅगेमागोमाग नेतृत्वही. सामन्याच्या दिवशी या पोरानं नाणेफेक जिंकली आणि ऊन डोक्यावर यायच्या आत बॅटिंग उरकून घेऊ, असं ठरवलं. ऊन डोक्यावर यायच्या आत बॅटिंग खरोखरच उरकली.

मास्तरांनी निकाल द्यायला वेळ लावला नाही. "कॅप्टन. दुसरं कोण? मी एवढी वर्षं शिकवलं, दर साली पोरं नापास झाली. मी एकदाबी नापास झालो नाही."

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. भाऊसाहेबांनी मात्र मान हलवली. त्यांची सगळी नोकरी कुणाच्या ना कुणाच्या सहीखाली गेली. त्यांच्या मते जगात चूक होते ती वरून खाली येते, आणि सापडते ती खालच्याच्या टेबलावर. "कोचला धरा," ते म्हणाले. "साहेब कोण होता? तो. टिपणी कुणाची? त्याची. कॅप्टन बिचारा आवक-जावकवाला."

शेठ दोन्हींच्या मधले. जालना बियाण्यांचं गाव आहे, आणि बियाण्याच्या दुकानात हा खटला दर जुलैत चालतो. शेतकरी येऊन म्हणतो, बियाणं बोगस होतं, उगवलंच नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, पेरणी खोल झाली, ओल नव्हती. दुकानदार मधे उभा राहून दोघांनाही चहा पाजतो आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर दोघांकडूनही घेतो. "बियाणं बी चांगलं होतं, पेरणी बी चांगली झाली," शेठ म्हणाले. "उगवलं नाही, एवढंच." मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात न्याय्य निकाल हाच, पण त्यात कुणाला शिक्षा होत नसल्यानं तो कुणाला आवडला नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "जिंकलेली केस उलटतपासावर जिंकली जाते. हरलेली, पक्षकार साक्षीत फुटला म्हणून हरली जाते." म्हणजे ते कुणाच्या बाजूनं, हे विचारायची गरज पडली नाही. कोच हा त्यांच्या मते वकील, आणि वकिलानं हरल्यावर फी परत द्यावी असा कुठलाही कायदा नाही.

एवढ्यात एक कॉलेजातला पोरगा मोटारसायकल चालू ठेवूनच आत डोकावला, "सगळी चूक सरायची, सर नेटवर येतच नव्हते," म्हणाला आणि पुडी घेऊन गेला. मास्तर म्हणाले, "बघा! हे असे अकरा असल्यावर कोच काय करणार?" भाऊसाहेब म्हणाले, "बघा! पोरायलासुद्धा कळतंय." एकाच साक्षीदारानं दोन्ही बाजू भक्कम केल्या.

मला त्या बाकड्यांवर बसून एवढं दिसलं की जो तो स्वतःला निर्दोष सोडवत होता. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याकडून काम करून घेतलं ते कोचच्या बाजूला. ज्यांच्याकडून करून घेतलं गेलं ते कॅप्टनच्या. बाप मंडळी मास्तरांकडे सरकत होती, लेक मंडळी भाऊसाहेबांकडे. सामना कुणी पाहिलेला नव्हता. तो परगावी झाला होता.

वकीलसाहेबांना तोंडी पुराव्यावर समाधान नसतं. त्यांनी रूलिंग काढली. पहिली अजित वाडेकर यांची.

१९७१ साली वाडेकरांच्या संघानं आधी वेस्ट इंडीजला वेस्ट इंडीजमध्ये हरवलं, मग ऑगस्टात ओव्हलवर इंग्लंडला इंग्लंडमध्ये. दोन्हीकडे पहिल्यांदाच. इंदूरला तर या विजयाची आठवण म्हणून खेळाडूंची नावं कोरलेली सिमेंटची एक भलीमोठी बॅट उभी केली. तीन वर्षं गेली. १९७४ च्या उन्हाळ्यात तेच वाडेकर संघ घेऊन त्याच इंग्लंडला गेले आणि मालिका ३-० अशी हरून आले. लॉर्ड्सच्या दुसऱ्या डावात सगळा संघ सतरा षटकांत ४२ धावांत बाद. त्याच सामन्याच्या पहिल्या डावात याच गड्यांनी ३०२ केल्या होत्या, पण ३०२ कुणाच्या लक्षात नाही. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड आले, इंदूरच्या त्या बॅटला डांबर फासलं गेलं.

"आता सांगा," वकीलसाहेब म्हणाले, "इंग्लंडच्या दोन्ही दौऱ्यांवर संघाचा मॅनेजर कोण होता?"

कुणाला आठवेना. भाऊसाहेबांनी तोंडातली सुपारी डावीकडून उजवीकडे नेली.

"लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी. एकाहत्तरला तेच, चौऱ्याहत्तरला तेच. कॅप्टन तोच, मॅनेजर तोच. एकदा गळ्यात हार, एकदा दगड."

इथं खरं तर खटला निकाली निघायला हवा होता. दोन्ही आरोपी दोन्ही वेळी घटनास्थळी हजर, आणि निकाल मात्र उलटसुलट. पण मास्तरांनी एक मुद्दा काढला आणि तो मला पटला. त्या काळी मॅनेजर होता, कोच असं पद नव्हतं. त्यामुळे दगडांना दुसरा पत्ता नव्हता. हरलेल्या संघाला एक पगारी माणूस हवा, ज्याचं घर कॅप्टनच्या घरापासून लांब असेल, ही सोय बोर्डाला पुढे सुचली असावी.

ती सोय वाडेकरांच्याच वाट्याला आली, ही गंमत. नव्वदच्या दशकात ते अझरुद्दीनच्या संघाचे मॅनेजर झाले, आणि तेव्हाचा मॅनेजर म्हणजे आजचा कोचच. मायदेशात संघ कसोटी मालिका हरेना. मग १३ मार्च १९९६ ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य फेरी आली. अझरनं नाणेफेक जिंकून श्रीलंकेला आधी खेळवलं. श्रीलंकेनं २५१ केल्या. आपण १ बाद ९८ वरून ८ बाद १२० वर आलो, प्रेक्षागृहात आग लागली, बाटल्या पडल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला.

त्या रात्री जुन्या जालन्यात झालेली चर्चा मला स्पष्ट आठवते, कारण ती अजून चालू आहे. आधी फील्डिंग कुणी घेतली? अझरनं. पण घ्यायला कुणी सांगितली? मागच्या सामन्यांत श्रीलंका पाठलाग करून जिंकत होती, म्हणून त्यांना पाठलागच करू द्यायचा नाही, असा विचार होता. विचार कुणाचा? विचारापर्यंत आलं की पुढं वाट सापडत नाही. निर्णयाला सही असते, विचाराला नसते. भाऊसाहेब म्हणतात त्यात तथ्य आहे: टिपणी सापडली असती तर प्रकरण संपलं असतं.

त्या विश्वचषकानंतर वाडेकरांच्या जागी संदीप पाटील आले, आणि पावसाळ्यात अझरच्या जागी सचिन. थोडक्यात, दोघांनाही काढलं. असा निकाल आमच्याकडे कुणी लावत नाही, कारण मग दुसऱ्या दिवशी बोलायचं काय?

दुसरी रूलिंग ग्रेग चॅपल यांची. हिच्यावर मात्र बाकड्यांचं एकमत आहे, आणि ते संशयास्पद वाटण्याइतकं आहे. २००५ च्या मे महिन्यात ते कोच झाले, सप्टेंबरात त्यांनी सौरव गांगुलीविरुद्ध बोर्डाला ई-मेल धाडली, ती वर्तमानपत्रांत पोहोचली, गांगुलीचं कप्तानपद गेलं. २००७ च्या विश्वचषकात बांगलादेशकडून हरून, मग श्रीलंकेकडून हरून आपण साखळीतूनच परत आलो. मधे बर्म्युडाला ४१३ धावा ठोकल्या, पण बर्म्युडाला हरवल्याबद्दल कुणी पेढे वाटत नाही. एप्रिलात चॅपल गेले. परदेशी माणूस, त्यातून इंग्रजीत तक्रार लिहिणारा, त्यातून परत जाणारा. यापेक्षा सोयीचा आरोपी मिळणं अवघड. जो विमानात बसून कायमचा जातो त्याच्यावर दोष ठेवला की तो परत येत नाही. आपल्याच गल्लीत राहणाऱ्यावर ठेवला तर लग्नाकार्यात समोर बसतो.

त्या वेळी कॅप्टन कोण होता, याची आठवण जुन्या जालन्यात कुणी करून देत नाही. राहुल द्रविड होता. इंदूरला जन्मलेला, घरात मराठी बोलणारा. घरात मराठी बोलणाऱ्यावर आम्ही दोष ठेवत नाही. पुढं हाच द्रविड कोच झाला, १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना हरला, तेव्हा मास्तर म्हणाले, "कॅप्टनचं चुकलं." आणि २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनला त्याच्याच कोचपणाखाली टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हा मास्तर म्हणाले, "कोचचं डोकं!" वेस्ट इंडीजमध्ये २००७ ला गेलेली अब्रू त्यानं तिथंच जाऊन परत आणली, हे खरं आहे. पण मास्तरांचा निकाल वाचताना हे लक्षात ठेवायला हवं की त्यांच्या न्यायालयात द्रविड अजून एकही केस हरलेला नाही.

वकीलसाहेबांचं आवडतं प्रकरण चंद्रकांत पंडित यांचं. १९९९ ला पंडित मध्य प्रदेशचे कॅप्टन होते. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना, पहिल्या डावात आघाडी हातात, आणि तरी सामना गेला. तेवीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच मैदानावर पंडित मध्य प्रदेशचे कोच म्हणून बसले होते. समोर मुंबई, म्हणजे त्यांचं स्वतःचं माहेर. मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला, आणि शिस्तीसाठी पोरं ज्यांना टरकतात ते पंडित मैदानावर ढसाढसा रडले. वकीलसाहेबांच्या मते यावरून सिद्ध होतं की कॅप्टन म्हणून हरलेला माणूस कोच म्हणून जिंकतो, म्हणजेच श्रेय कोचचं. भाऊसाहेबांच्या मते सिद्ध होतं की पंडितांना मधली तेवीस वर्षं झोप लागली नसेल. पुरावा एकच, रडण्याचा.

यानंतर जी रूलिंग आली तिच्या वेळी चाचांनीही गल्ला सोडला. ती आमची, जालन्याची.

विजय झोल आमच्या गावचा. डिसेंबर २०११ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध त्यानं नाबाद ४५१ धावा केल्या. चारशे एक्कावन्न! वर्तमानपत्रात आकडा छापताना चुकला असेल म्हणून लोकांनी दुसरं वर्तमानपत्र विकत घेतलं. २०१२ ला उन्मुक्त चंदच्या ज्या संघानं ऑस्ट्रेलियात युवा विश्वचषक जिंकला, त्यात झोल होता. मग तो त्या संघाचा कॅप्टन झाला. जानेवारी २०१४ ला शारजात आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात त्यानं पाकिस्तानविरुद्ध शंभर केल्या, संजू सॅमसननंही शंभर केल्या, आपण ४० धावांनी जिंकलो. त्याच जानेवारीत वानखेडेवर रणजीच्या उपांत्यपूर्व फेरीत केदार जाधवबरोबर नाबाद राहून त्यानं मुंबईला घरी बसवलं. मुंबईला! जालन्याच्या पोरानं! त्या दिवशी कुंडलिकेवरचे पूल सगळे मोकळे होते. नवीन जालन्यातून लोक आमच्याकडे येऊन आमचंच अभिनंदन करत होते आणि आम्हीही त्यांचं. एवढा सलोखा मी पुन्हा पाहिला नाही.

फेब्रुवारीत संयुक्त अरब अमिरातीत युवा विश्वचषक. पहिल्याच सामन्यात पुन्हा पाकिस्तान, पुन्हा ४० धावांनीच विजय. मास्तरांनी याला शकुन म्हटलं. मग २२ तारखेला दुबईत इंग्लंडशी उपांत्यपूर्व सामना. वरची फळी गळाली. झोलनं ४८ आणि दीपक हुडानं ६८ करून कसाबसा आकडा २२१ वर नेला. इंग्लंडच्या बेन डकेटनं ६१ काढल्या आणि शेवटच्या षटकात, तीन गडी हातात ठेवून, त्यांनी तो ओलांडला. गतविजेते आपण, शेवटी पाचवे आलो.

आता जुन्या जालन्यापुढे प्रश्न पडला. कॅप्टन आपला. कोच भरत अरुण. म्हणजे प्रश्न पडायचं काही कारणच नव्हतं. मास्तर, जे हयातभर कोचच्या बाजूनं उभे राहिले, त्यांनी चहाचा कप खाली न ठेवता पक्ष बदलला. "कोचनं पोराला काही सांगितलंच नसेल," म्हणाले. भाऊसाहेबांना तर आयता साहेब सापडला. शेठ, ज्यांनी कधी कुणाला दोषी धरलं नाही, तेही म्हणाले की या खेपेला पेरणीच चुकली. चाचा म्हणाले, "अपना बच्चा तो अडतालीस बनाया ना? और क्या करता?" आणि हे रास्तच होतं.

वकीलसाहेबांनी फक्त एक वाक्य टाकलं आणि सगळ्यांची तोंडं पडली. २०१२ ला ऑस्ट्रेलियात चषक आणला, तेव्हा कोच कोण होता? भरत अरुण. मग ते तेव्हा सांगत होते आणि दोन वर्षांनी सांगायचं बंद केलं, असं कसं? हेमू अधिकारींची केस पुन्हा उभी राहिली. शिवाय २०१४ च्याच ऑगस्टात अरुण भारताच्या मोठ्या संघाचे गोलंदाजीचे कोच झाले. आमच्या कोर्टात ज्याला शिक्षा झाली त्याला बोर्डानं बढती दिली. भाऊसाहेबांना यात काही नवल वाटलं नाही. तहसीलमध्ये असं पुष्कळ पाहिलंय, म्हणाले.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की ही जालन्याची खोड आहे. मलाही तसंच वाटत होतं. पण आमच्या गल्लीतला एक पोरगा अमेरिकेत, टेक्सासात, ए अँड एम विद्यापीठात शिकायला आहे. तो सुटीवर आला आणि बाकड्यावर बसून त्यानं तिथल्या फुटबॉलची हकिगत सांगितली. या खेळाला फुटबॉल म्हणतात, पण चेंडू हातात घेऊन पळतात. प्रत्येक डावाची सुरुवात क्वार्टरबॅक नावाच्या गड्याच्या हातून होते. फेकायचं कुणाकडे, कधी, हे तो ठरवतो. आणि त्याला काय ठरवायचं ते कडेला उभा राहून कोच ठरवतो. कॉलेजच्या पोरांचा सामना, आणि त्यांच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या वर होती. म्हणजे सगळं जुनं जालनं आत बसवून वर नवीन जालन्यातले काही ओळखीचेही घेता येतील.

त्यांचा कोच होता जिम्बो फिशर. २०१७ च्या डिसेंबरात त्याला दहा वर्षांच्या करारावर साडेसात कोटी डॉलरांची हमी देऊन आणलं. २०२१ ला करार आणखी वाढवला. संघ काही वर येईना. २०२३ ला त्यांचा क्वार्टरबॅक कॉनर विगमन सप्टेंबरातच जायबंदी होऊन हंगामाबाहेर गेला. आता क्वार्टरबॅक नाही म्हणून हरले की कोच आहे म्हणून हरले, यावर तिकडं रान पेटलं. ११ नोव्हेंबरला संघ ५१-१० असा जिंकला. दुसऱ्या दिवशी कोचला काढलं.

"जिंकल्यावर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"जिंकल्यावर. आणि करार शिल्लक होता म्हणून त्याला सात कोटी साठ लाख डॉलरांच्या वर द्यायचं ठरलं. म्हणजे सहाशे कोटींहून जास्त रुपये."

हॉटेलात भट्टीचा आवाज ऐकू येऊ लागला. शेवटी भाऊसाहेबांनी विचारलं, "काम करायचे?"

"नाही. काम न करायचे."

मास्तरांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेला नारळ आणि शाल आठवली असावी. ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. वकीलसाहेबांनी कराराची प्रत मिळेल का, असं विचारलं. चाचांना रकमेशी देणंघेणं नव्हतं. त्यांना कळेना की एक लाख माणसं येतात तर तिथं चहा कोण विकतं.

पुढची गंमत पोरानं सांगितली ती अशी. नवा कोच आला, माइक एल्को. ३१ ऑगस्ट २०२४ ला घरच्याच मैदानावर पहिला सामना नोत्र दामशी, हरले. आता कोच तर नवाकोरा, त्याला कसं धरणार? मग नजर वळली विगमनकडे, जो बरा होऊन परतला होता. ऑक्टोबर संपेपर्यंत त्याच्या जागी मार्सेल रीड खेळू लागला, आणि वर्ष सरता सरता विगमन त्याच राज्यातल्या ह्यूस्टन विद्यापीठात निघून गेला. म्हणजे कोच बदलून पाहिला, मग क्वार्टरबॅक बदलून पाहिला. शेठनी हिशेब केला: बियाणं बदललं, पेरणी बदलली. "आता फक्त वावर बदलायचं राहिलं," म्हणाले.

त्या अमेरिकेच्या हकिगतीनं आमच्या कॉलेजच्या सरांची पत एकदम वाढली. फुकटात हरणारा कोच आपल्याकडे आहे, ही जाणीव मंडळींना प्रथमच झाली. पण तिचा उपयोग व्हायच्या आत सर निवृत्त झाले. कॅप्टन बी.ए. होऊन किटबॅगेसह एका विमा कंपनीत लागला. बॅग नंतर परत मागवावी लागली. क्रीडा संचालकाची जागा रिकामी राहिली, भरतीला मंजुरी नाही, म्हणून अतिरिक्त कार्यभार इतिहासाच्या प्राध्यापकांकडे गेला. त्यांनी पदभार घेताच मुलांना मैदानाची पूर्वपीठिका सांगितली. नवा कॅप्टन अर्थातच तो, ज्याच्या घरी आता बॅग आहे.

यंदा पहिला सामना झाला आणि संध्याकाळी बातमी आली की आपलं कॉलेज पुढच्या फेरीत गेलं. मंडळी क्षणभर गोंधळली. हरल्यावर कुणाला धरायचं याचा सराव होता, जिंकल्यावर काय करायचं याचा नव्हता. मग तपशील आला: समोरच्या संघाची गाडी वाटेत बंद पडली, ते पोहोचलेच नाहीत, पंचांनी आपल्याला विजयी घोषित केलं.

मास्तर म्हणाले, श्रेय प्राध्यापकांचं. त्यांनी पोरं वेळेवर नेली. भाऊसाहेब म्हणाले, कॅप्टनचं. पहाटे दार वाजवून एकेकाला उठवलं कुणी? वकीलसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि कॅप्टनच्या बाजूनं कौल दिला, नाणेफेक जिंकून त्यानं योग्य निर्णय घेतला होता म्हणून. समोर कुणी आलेलंच नसताना नाणेफेक कुणाबरोबर झाली, हे विचारायला मी तोंड उघडणार होतो, पण तोवर भाऊसाहेब त्यांच्या हातावर टाळी देऊन चुकले होते.